नवीन सॉफ्टवेअर टाकल्यापासून घरचा काँप्युटर सारखा बंद पडतोय, कृपया मदत करा

वाशिष्ठीकाठ | ८ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. चिपळूणहून लिहिते आहे. घरी टायपिंगचं जॉबवर्क करते: लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीची इतिवृत्तं, अधूनमधून एखादा प्रबंध. काम बहुतेक युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही काँप्युटरवर उघडणाऱ्या मराठी अक्षरांत असतं, त्यामुळे जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरची गरज पडत नव्हती. आता पडली आहे आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

आमच्या गावच्या ग्रामदेवतेच्या देवस्थानची स्मरणिका यंदा शिमग्याला काढायची ठरली आहे. मानकऱ्यांची घराणी, पालखीचा मार्ग, कोणत्या वाडीत कोणत्या दिवशी पालखी थांबते, जुने निवाडे, असं सगळं माझ्या सासऱ्यांनी २००९ ते २०१८ या काळात एकट्याने टाइप करून ठेवलं होतं. ते आज नाहीत. त्यांचा काँप्युटर २०२१ च्या जुलैच्या पुरात गेला. पेनड्राइव्ह, सॉफ्टवेअरची सीडी आणि त्याचं डोंगल (काँप्युटरला लावायची किल्लीसारखी छोटी वस्तू) माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात होतं, म्हणून तेवढं वाचलं. फाइली त्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाहीत, आणि डोंगल लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही.

माझा काँप्युटर सेकंडहँड घेतलेला आहे. आठव्या पिढीचा आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, विंडोज ११. दीड वर्ष काही त्रास नव्हता. २९ जानेवारीला ते सॉफ्टवेअर टाकलं. सीडी नीट चालेना म्हणून ओळखीतल्या एकाने लांबून रिमोटने बसवून दिलं. त्याच रात्री काँप्युटर पहिल्यांदा बंद पडला. तेव्हापासून रोज तीन-चार वेळा. टाइप करताना पडदा काळा होतो, इंग्रजीत काहीतरी दोन ओळी येतात आणि वाचायच्या आत पुन्हा सुरू होतो.

चार दिवसांपूर्वी वैतागून सॉफ्टवेअर कंट्रोल पॅनलमधून काढून टाकलं, डोंगलही काढून ठेवलं. तरीही बंद पडतोच आहे! म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा नाही का? दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून देतो. शिमग्याला तीन आठवडे आहेत. काय करू?

---

खेडेकर_रत्नागिरी | ८ फेब्रुवारी, रात्री ९.५८

ताई, आधी एक सांगा. बंद पडतो तेव्हा पंखा, दिवा सगळं जातं की फक्त पडदा जातो? आपल्याकडे लाइटचा खेळ चालूच असतो. माझा असाच बंद पडायचा, शेवटी एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) खराब निघाला.

---

डीटीपी_सांगली | ८ फेब्रुवारी, रात्री १०.१५

रॅम काढा, तिचे सोनेरी पाय खोडरबराने हलके घासा, कोरड्या फडक्याने पुसा आणि टक् असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. वीस वर्षांत निम्मे काँप्युटर याच उपायाने सुरू केलेत. कोकणातल्या हवेत पाय लवकर काळे पडतात. मेन स्विच बंद करायला विसरू नका.

---

नवी_मुंबई_९५ | ८ फेब्रुवारी, रात्री १०.२०

फॉरमॅट मारा आणि मोकळ्या व्हा. दोन तासांचं काम आहे.

---

शून्य_एक | ८ फेब्रुवारी, रात्री १०.५२

फॉरमॅट करू नका, ताई. निदान आज तरी नको. कारण सांगतो.

फॉरमॅट केल्यावर तुम्ही ते सॉफ्टवेअर पुन्हा टाकणारच, कारण तुमचं कामच त्यात अडकलंय. बिघाड त्याच्यासोबत आला असेल, तर तो त्याच्यासोबतच परत येईल. तोवर तुमचं बाकीचं सगळं पुन्हा बसवण्यात आठवडा गेलेला असेल.

दुसरं, 'सॉफ्टवेअर काढलं तरी बंद पडतोय, म्हणजे दोष त्याचा नाही' हा अंदाज इथे लागू होत नाही. डोंगलवर चालणारं सॉफ्टवेअर दोन भागांत येतं. एक भाग तुम्ही उघडता तो प्रोग्रॅम. दुसरा भाग ड्रायव्हर, जो डोंगलशी बोलतो. कंट्रोल पॅनलमधून प्रोग्रॅम जातो, पण ड्रायव्हर पुष्कळदा मागे राहतो आणि दर वेळी विंडोजबरोबर आपोआप सुरू होतो. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. तिथे एक चूक झाली की विंडोज सगळा काँप्युटर थांबवतं, नाहीतर डिस्कवर काहीतरी चुकीचं लिहिलं जाण्याचा धोका असतो.

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज काँप्युटर एकाच दिवशी कोसळले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. एवढ्या लहान फाइलने एवढं झालं, कारण ती वाचणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये चालत होता.

आज रात्री फक्त दोन गोष्टी करा.

सासऱ्यांच्या फाइलींच्या आणखी दोन प्रती करा. एक दुसऱ्या पेनड्राइव्हवर, एक ऑनलाइन. बाकी सगळं यानंतर.

मग तो संदेश वाचता येईल असं करा. विंडोज आणि आर एकत्र दाबा, चौकटीत एसवायएसडीएम डॉट सीपीएल लिहा (इंग्रजी अक्षरांत), ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये सगळ्यात खालचं 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरची खूण काढा. आता पुढच्या वेळी पडदा तसाच राहील. मोबाइलने फोटो काढून त्यात जे लिहिलंय ते इथे सांगा.

---

वाशिष्ठीकाठ | ८ फेब्रुवारी, रात्री ११.१०

खूप धन्यवाद. प्रती करायला घेतल्या आहेत. खेडेकरदादा, पंखा आणि दिवा चालूच असतो, फक्त पडदा काळा होतो आणि त्यावर अक्षरं येतात. पण लोक निळा पडदा म्हणतात तो हा नाही ना? माझा काळा आहे.

---

शून्य_एक | ८ फेब्रुवारी, रात्री ११.१८

तोच आहे. विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटपासून निळ्याचा काळा केलाय. अक्षरं येतात आणि पंखा चालू राहतो, म्हणजे विंडोजने स्वतः थांबवलं आहे. वीज गेली असती तर काही लिहायला वेळच मिळाला नसता. त्यामुळे एसएमपीएसवरचा संशय बराच कमी होतो. पूर्ण जात नाही, पण तो शेवटी पाहू.

---

खेडेकर_रत्नागिरी | ८ फेब्रुवारी, रात्री ११.२५

बरोबर. माझा बंद पडायचा तेव्हा काहीच लिहून यायचं नाही, खटकन अंधार. मग माझा सल्ला मागे.

---

वाशिष्ठीकाठ | ९ फेब्रुवारी, सकाळी ११.०५

सकाळी साडेदहाला बंद पडला. फोटो काढला आहे. पडद्याच्या तळाशी स्टॉप कोड म्हणून लिहिलंय: 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल'. आणि काय बिघडलं त्यापुढे 'एनटीओएसकेआरएनएल डॉट ईएक्सई'.

प्रती झाल्या. एक पेनड्राइव्ह नणंदेकडे ठेवायला दिला.

---

नवी_मुंबई_९५ | ९ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

ही फाइल विंडोजची स्वतःची आहे. म्हणजे विंडोजच खराब झालंय. म्हणूनच फॉरमॅट म्हणत होतो.

---

शून्य_एक | ९ फेब्रुवारी, दुपारी १.०२

ती फाइल विंडोजचा कर्नल आहे हे खरं, पण पुढचा निष्कर्ष घाईचा आहे. अपघात कुठे घडला ते त्या जागी लिहिलेलं असतं, कोणामुळे घडला ते लिहिलेलं असेलच असं नाही. एखाद्या ड्रायव्हरने मेमरीच्या चुकीच्या जागी हात घातला आणि कर्नल तिथे पोचल्यावर कोसळला, तर नाव कर्नलचंच येतं. या पडद्यावर हे नाव फार वेळा दिसतं आणि त्यामुळे चांगले काँप्युटर उगाच फॉरमॅट होतात.

स्टॉप कोड मात्र उपयोगाचा आहे. त्यात 'ड्रायव्हर' हा शब्द आहे. ज्या वेळी हात लावायला मनाई असते, अशा क्षणी कुठल्यातरी ड्रायव्हरने चुकीची मेमरी मागितली, असा त्याचा अर्थ. तो रॅमच्या बिघाडामुळेही कधी कधी येतो, म्हणून रॅम तपासून बाजूला करू.

आता दोन कामं.

एक, स्टार्टमध्ये 'रिलायेबिलिटी' लिहा, 'व्ह्यू रिलायेबिलिटी हिस्टरी' येईल. दिवसावार तक्ता दिसेल, लाल फुल्या दिसतील. पहिली लाल फुली कोणत्या तारखेची आहे, आणि त्या दिवशी खाली काय काय बसवल्याची नोंद आहे, तेवढं सांगा.

दोन, झोपायच्या आधी 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' सुरू करा. काँप्युटर पुन्हा सुरू होईल आणि रॅम तपासत बसेल. चालू असताना एफ वन दाबून 'एक्सटेंडेड' निवडलंत तर जास्त कसून तपासतो, वेळ लागतो. सकाळी निकाल बघा.

डीटीपी दादांच्या खोडरबराला माझा विरोध नाही. फक्त दोन्ही उपाय एका वेळी करू नका. नाहीतर बरा झाला तर कशाने झाला हे कळणार नाही.

---

डीटीपी_सांगली | ९ फेब्रुवारी, दुपारी १.४०

मान्य. आधी तपासणी, मग खोडरबर.

ताई, दुसरं एक विचारतो, कारण मी हेच काम करतो. ते डोंगल यूएसबीचं आहे की जुन्या प्रिंटरच्या पंचवीस टाचण्यांच्या पोर्टचं?

---

वाशिष्ठीकाठ | १० फेब्रुवारी, सकाळी ८.१५

डोंगल यूएसबीचं आहे. हिरवा दिवा लागतो त्यावर.

रॅमची तपासणी रात्रभर चालली, चूक एकही नाही.

तक्ता पाहिला. पहिली फुली २९ जानेवारीची, रात्री १०.४७. त्या दिवशी तीन नोंदी आहेत: ते सॉफ्टवेअर, एक विंडोज अपडेट, आणि प्रिंटरचं काहीतरी. सॉफ्टवेअर आणि अपडेट दोन्ही एकाच दिवशी. आता मला अपडेटचाच जास्त संशय येतोय, कारण सॉफ्टवेअर तर मी काढलंय.

---

प्राजक्त | १० फेब्रुवारी, सकाळी ९.००

ताई, सिस्टिम रिस्टोअर करून २८ तारखेला परत जाता येईल का? फाइलींना धक्का लागत नाही त्याने.

---

वाशिष्ठीकाठ | १० फेब्रुवारी, सकाळी ९.४५

पाहिलं. तिथे 'प्रोटेक्शन ऑफ' लिहिलंय, मागचा एकही बिंदू साठवलेला नाही.

---

शून्य_एक | १० फेब्रुवारी, सकाळी १०.२०

पुष्कळ काँप्युटरवर ते बंदच असतं. आत्ता चालू करा आणि आजचा एक बिंदू बनवून ठेवा, पुढे लागेल.

अपडेटचा संशय रास्त आहे, म्हणून तोही तपासून बघू. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, सगळ्यात खाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. २९ तारखेचं तेवढं काढा आणि एक दिवस नेहमीचं काम करा. दुसरं काहीही बदलू नका. बंद पडला तर अपडेट निर्दोष, आणि ते लगेच परत टाकायचं, कारण त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात.

---

वाशिष्ठीकाठ | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

अपडेट काढून काल दुपारपासून आजपर्यंत पाच वेळा बंद पडला. एकदा तर मी हातही लावला नव्हता, झोपेतून उठवला तेवढाच. अपडेट परत टाकलं.

खरं सांगते, आज रडू आलं. एका प्रबंधाचं प्रकरण टाइप करत होते, अर्धं पान गेलं. आणि सासऱ्यांच्या फाइलींमधली एक ओळसुद्धा अजून उघडून पाहता आलेली नाही.

---

प्राजक्त | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.५०

ताई, धीर धरा. पाच वेळा बंद पडला म्हणजे एक संशयित बाद झाला. प्रबंध तोवर मोबाइलवर गूगल डॉक्समध्ये टाइप करा, प्रत्येक अक्षर आपोआप साठतं.

---

म्हापशेकर | ११ फेब्रुवारी, रात्री ८.०५

'झोपेतून उठवला आणि पडला' हे महत्त्वाचं आहे. माझ्याकडे जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या डोंगलने अगदी असंच केलं होतं. झोपेतून उठताना सगळ्या ड्रायव्हरांना पुन्हा जागं व्हावं लागतं, आणि जुना ड्रायव्हर तिथेच अडखळतो. ताई, रिमोटने बसवून देणाऱ्याने आणखी काही बदललं होतं का? एखादं सुरक्षेचं बटण बंद केलं होतं का? आठवून बघा.

---

वाशिष्ठीकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री ८.४०

हो! आता आठवलं. सॉफ्टवेअर बसताना एक इशारा आला होता. तेव्हा त्याने विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन एक निळं बटण बंद केलं आणि काँप्युटर पुन्हा सुरू करायला लावला. 'मेमरी इंटिग्रिटी' असं काहीतरी होतं.

---

शून्य_एक | ११ फेब्रुवारी, रात्री ९.३०

म्हापशेकर, नेमका प्रश्न विचारलात. मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

मेमरी इंटिग्रिटी ही कर्नलची राखण आहे. तिच्या नियमांत न बसणारा ड्रायव्हर ती आत येऊच देत नाही. २९ तारखेला तिने एका ड्रायव्हरला दारात अडवलं, आणि त्या माणसाने अडवणारीलाच बाजूला केलं. त्याचा हेतू वाईट नसेल, काम व्हावं म्हणूनच केलं असेल. पण तुमचा बिघाड त्या क्षणापासून सुरू झालाय असं मला ठामपणे वाटतं.

मी उद्या तुम्हाला 'ड्रायव्हर व्हेरिफायर' चालवायला सांगणार होतो. ते जरा जोखमीचं साधन आहे. मुद्दाम ताण देऊन दोषी ड्रायव्हरला पाडतं, आणि कधी कधी काँप्युटर सुरूच होत नाही. आता त्याची गरज नाही.

विंडोज सिक्युरिटी उघडा, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन डिटेल्स. मेमरी इंटिग्रिटीचं बटण चालू करून बघा. न जुळणारा ड्रायव्हर मागे राहिला असेल तर बटण चालू होणार नाही आणि खाली त्याची यादी दाखवेल. त्या यादीतली नावं आणि तारखा इथे लिहा. अजून काहीही डिलीट करू नका.

---

वाशिष्ठीकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री ९.५२

बटण चालू झालं नाही. यादीत दोन नावं आली. दोन्हींपुढे डोंगल बनवणाऱ्या कंपनीचं नाव आहे. दोन्हींची तारीख २००९ ची. एका नावात यूएसबी आहे, दुसऱ्यात पॅरलल असं दिसतंय.

माझ्या काँप्युटरला पॅरलल पोर्टच नाही!

---

डीटीपी_सांगली | ११ फेब्रुवारी, रात्री १०.०५

म्हणूनच मी टाचण्यांचं विचारत होतो, ते पॅरलल पोर्ट. त्या काळचे डोंगलचे इन्स्टॉलर दोन्ही ड्रायव्हर एकदम टाकायचे, तुमच्याकडे कुठलं डोंगल आहे ते न बघता. तुम्ही यूएसबीचं डोंगल काढून कपाटात ठेवलंत तरी पॅरललवाला दर वेळी उठून नसलेलं पोर्ट शोधत बसतो.

---

शून्य_एक | ११ फेब्रुवारी, रात्री १०.३८

सांगलीकर दादांनी गाठ सोडवली. सॉफ्टवेअर काढून आणि डोंगल काढूनही बंद का पडतो, त्याचं उत्तर हेच.

आता काढायचं कसं. सिस्टिम फोल्डरमध्ये जाऊन ती ड्रायव्हरची एसवायएस फाइल हाताने उडवू नका. विंडोजच्या नोंदवहीत तिचं नाव राहतं आणि नवा घोळ होतो. या क्रमाने जा:

डोंगल बनवणाऱ्या मूळ कंपनीच्या साइटवर जा. डीटीपी सॉफ्टवेअरवाल्यांची नाही, डोंगलवाल्यांची. डोंगलच्या पाठीवर नाव असेल. अशा कंपन्या आपले जुने ड्रायव्हर साफ करणारं एक छोटं साधन ठेवतात, आणि नव्या विंडोजसाठीचा नवा ड्रायव्हरही. दोन्ही उतरवून ठेवा. दुसऱ्या कुठल्याही 'फ्री ड्रायव्हर' साइटवरून काहीही घेऊ नका.

मग सेफ मोडमध्ये जा. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक, नंतर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि शेवटी ४ चा आकडा.

थांबा, त्याआधी एक फार महत्त्वाचं. विंडोज ११ मध्ये पुष्कळदा डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि सेफ मोडमध्ये जाताना बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती हाताशी नसेल तर आपल्याच काँप्युटरबाहेर अडकायला होतं. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करता, त्या खात्यात मोबाइलवरून जाऊन ती की आहे का बघा आणि कागदावर लिहून घ्या. सेकंडहँड मशीन आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय: खातं तुमचंच आहे ना, तेही तपासा.

---

वाशिष्ठीकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री ११.००

खातं माझंच आहे. की मिळाली. आठ गट, प्रत्येकी सहा आकडे, सगळे वहीत उतरवले आणि मुलाकडून एकदा मोठ्याने वाचून पडताळून घेतले. उद्या सकाळी घरातली कामं उरकून बसते.

---

वाशिष्ठीकाठ | १२ फेब्रुवारी, दुपारी १२.२५

की खरंच मागितली! वही जवळ होती म्हणून वाचले.

सेफ मोडमध्ये अक्षरं केवढी मोठी आणि चार कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहिलेलं, पाहून आधी घाबरले. साफ करण्याचं साधन चालवलं. त्याने दोन्ही नावं दाखवली आणि काढली. नेहमीसारखा सुरू केला, मेमरी इंटिग्रिटीचं बटण दाबलं आणि या वेळी ते चालू झालं. पुन्हा सुरू केल्यावरही चालूच आहे.

नवा ड्रायव्हर अजून टाकलेला नाही. एक दिवस असंच काम करू का?

---

शून्य_एक | १२ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

हो, अगदी तसंच करा. आज आणि उद्या फक्त रोजचं काम. चार-पाच वेळा मुद्दाम झोपवून उठवा.

---

वाशिष्ठीकाठ | १३ फेब्रुवारी, रात्री ९.१०

दीड दिवस झाला, एकदाही बंद पडला नाही. सात वेळा झोपवून उठवला. प्रबंधाची बावीस पानं पूर्ण करून पाठवली.

---

खेडेकर_रत्नागिरी | १३ फेब्रुवारी, रात्री ९.२०

वा! फार बरं वाटलं वाचून.

---

नवी_मुंबई_९५ | १३ फेब्रुवारी, रात्री ९.३५

ताई, मी दोनदा फॉरमॅट सांगितलं, ते चुकीचं होतं. कर्नलच्या फाइलीबद्दल नवीन कळलं. माझ्या भावाच्या मशीनवर हीच फाइल दिसली म्हणून आम्ही गेल्या वर्षी फॉरमॅट केलं होतं आणि महिन्यात पुन्हा सुरू झालं होतं. त्याच्याकडे आता ही यादी बघायला सांगतो.

---

वाशिष्ठीकाठ | १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.४५

आज धाडस केलं. आधी रिस्टोअरचा बिंदू बनवला. मग डोंगलचा नवा ड्रायव्हर टाकला, मेमरी इंटिग्रिटी चालू ठेवूनच. काही तक्रार आली नाही. मग सॉफ्टवेअर टाकलं, पण सीडीच्या इन्स्टॉलरने 'डोंगल ड्रायव्हर बसवू का' विचारलं तिथे नाही म्हटलं. डोंगल लावलं. हिरवा दिवा.

पहिली फाइल उघडली. पालखीच्या मार्गाची होती. सासऱ्यांनी प्रत्येक वाडीपुढे तिथल्या जुन्या झाडाचं नाव लिहिलंय, 'आंब्याखाली थांबा', 'पिंपळाखाली थांबा', असं. त्यातला पिंपळ आता नाही. घरातले सगळे पडद्याभोवती जमले होते.

शून्य_एक दादा, म्हापशेकर, सांगलीकर दादा, प्राजक्त, खेडेकर दादा, तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही.

---

डीटीपी_सांगली | १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

ताई, आनंद झाला. आता माझं ऐका. हे सॉफ्टवेअर पुन्हा चालू झालंय तोवर सगळ्या फाइली युनिकोडमध्ये काढून घ्या. डोंगल पंधरा-सोळा वर्षांचं आहे, ते कधी मान टाकेल सांगता येत नाही, आणि मग फाइली कायमच्या बंद.

रूपांतर केल्यावर मात्र डोळ्यात तेल घालून वाचा. जुन्या फॉन्टमध्ये अक्षर जसं दिसतं तसं साठवलेलं असतं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलट. कन्व्हर्टर बहुतेक सांभाळतो, पण जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार एकत्र आले की चुकतो. 'वर्षी', 'मूर्तींची', असे शब्द मुद्दाम शोधा.

---

अनुस्वार | १४ फेब्रुवारी, रात्री ८.१५

मी मुद्रितशोधनाचं काम करते, म्हणून भर घालते. सगळ्यात जास्त मार खातो तो 'ऱ्या'. रूपांतरात त्याचा 'र्या' होतो आणि स्पेलचेकला त्यात वावगं दिसत नाही. तुमच्या स्मरणिकेत तर पानोपानी येणार: गावकऱ्यांनी, मानकऱ्यांना, पुजाऱ्यांचा. 'र्या' शोधून एकदम बदलू नका, कारण 'कार्यालय', 'पर्याय', 'सूर्यास्त' हेही बिघडतील. एकेक शोधा, वाचा, मग बदला.

आणि आभाराच्या पानावर महाप्रसादाचा उल्लेख असेल तर तिथे नक्की थांबा. 'आचाऱ्यांचे आभार' आणि 'आचार्यांचे आभार' यांत स्वयंपाक करणारी माणसं बाजूला राहून भलत्यांचेच आभार मानले जातात.

---

वाशिष्ठीकाठ | १९ फेब्रुवारी, रात्री १०.२०

सगळ्या एकतीस फाइली युनिकोडमध्ये आल्या. पाच दिवसांत काँप्युटर एकदाही बंद पडलेला नाही. आज डोंगल काढून, पुसून, पुन्हा बिस्किटाच्या डब्यात ठेवलं, त्याच्याबरोबर नव्या ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह आणि रिकव्हरी की लिहिलेला कागद. डबा माळ्यावरच गेला.

अनुस्वार ताई, तुम्ही म्हणालात तसं एकेक 'र्या' वाचला. दोनशे चौदा निघाले, त्यातले एकशे एकोणनव्वद बदलावे लागले. आभाराच्या पानावर खरंच 'आचार्यांचे' झालं होतं. खाली सासऱ्यांनी त्या चौघांची नावं वाडीसकट लिहिली आहेत. त्यातले दोघे आजही महाप्रसादाचा भात करतात. उद्या जाऊन त्यांना ते पान दाखवून येते, मग छपाईला देते.

---

अनुस्वार | १९ फेब्रुवारी, रात्री १०.४५

छपाईच्या आधी एक प्रूफ मला पाठवाल का? मोबदला नको. वाचायला आवडेल.

---

वाशिष्ठीकाठ | १९ फेब्रुवारी, रात्री १०.५०

नक्की. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.